बमरोलीतलं मौन आणि भाऊजींचे हात

"मावशी, तू येच. रविवारी भेस्तानचे पाहुणे मला बघायला येतायत आणि पप्पांना आवरायला घरात कुणी नाही!" पल्लवीचा, म्हणजे माझ्या ताईच्या लेकीचा, हा फोन आला आणि मी लगेच सुरतेची तयारी केली. मागच्या पाहुण्यांना भाऊजींनी चहा अर्धा असतानाच दार दाखवलं होतं. कारण काय, तर त्यांनी पंखा बारीक करायला सांगितला! या वेळचा मुलगा पल्लवीला मनापासून आवडलेला. आता सगळं भाऊजींच्या तोंडावर होतं, आणि ते तोंड मी चांगलं ओळखते. ताई म्हणाली, "ते आता मौनाला बसतात गं. बदललेत खूप." भाऊजी आणि मौन! मी फोनवरच खो खो हसले.

जळगावहून जाणार असाल तर सकाळची गाडी धरा आणि खिडकी सोडू नका. नंदुरबार गेलं की डोंगर दिसायला लागतात. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये, त्यामुळे चहा कुठल्या राज्यात प्यायचा ते तुम्हीच ठरवा. हिवाळ्यात उसाचं गाळप चालू असतं. चलथाण आलं की मळीचा आंबूस-गोड वास थेट डब्यात शिरतो. समोरच्या काकूंनी नाकाला पदर लावला, मला मात्र तो वास फार आवडला. बमरोली-पांडेसऱ्याकडे जायचं असेल तर सुरतपर्यंत जाऊ नका, उधन्यालाच उतरा. बाहेर शेअर रिक्षा मिळते, वीसेक रुपयांत काम होतं. बॅग मांडीवर घ्यायची तयारी ठेवा.

बमरोलीत शिरलं की लूमचा, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा, खडखडाट सुरू होतो तो थांबतच नाही. लोकही त्याच्या वरचढ आवाजात बोलतात. "ये वो, बठ, बठ!" भाऊजींनी दारातूनच स्वागत केलं, ते तीन घरांना ऐकू गेलं असेल. लूमवर आयुष्य गेलं त्यांचं, पण घरात अजून अहिराणीच. मी मुद्दाम छेडलं, "काय भाऊजी, राग येतच नाही म्हणे आता?"

"येस ना वो! येसच. पण पहिले मनमा पाच-सात डाव ईठ्ठल म्हनस. तवलगून समोरला काय बोलना तेच भुली जास."

पाच-सात वेळा विठ्ठल म्हणेपर्यंत समोरचा काय बोलला तेच विसरायला होतं म्हणे! मागं उभ्या पल्लवीनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. तिचा अजून विश्वास नव्हता.

रविवारी सकाळी भाऊजींबरोबर मीही मौनाला गेले. मंदिरावरच्या हॉलमध्ये सतरंज्या, वीसेक माणसं, सगळी लूमवरची. शेजारच्या कारखान्याचा आवाज चालूच. आबा म्हणून एक रिटायर्ड मास्तर आहेत, ते हे चालवतात. आधी टाळ घेऊन दोन भजनं, मग डोळे मिटून मनात नाम, तोंड बंद. मी थोड्या वेळानं एक डोळा किलकिला केला आणि बघते तर काय, निम्म्या लोकांच्या गप्पा चाललेल्या! कारखान्यात लूमच्या आवाजात तोंडानं बोलून काही ऐकू येत नाही, म्हणून ही माणसं वर्षानुवर्षं हातांनी बोलतात. आणि मौनात हातांना कोण अडवणार? एकानं खुणेनं चहा मागवला, दुसऱ्यानं कालच्या मॅचमध्ये कोण कसा आउट झाला ते दाखवलं.

आबांनी डोळे न उघडता आवाज दिला, "हात मांडीखाली!"

सगळ्यांनी निमूट हात मांडीखाली सारले. हसू आवरायला मी पदर तोंडात कोंबला. पण खरं सांगते, त्यानंतर हॉलमध्ये जी शांतता आली ती मला आवडली. बाहेर लूम चालूच होते, पण ते अंगावर येईनासे झाले. फार प्रसन्न वाटलं.

दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. पल्लवी समोरच्या खुर्चीत, ताई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात. लोचो, म्हणजे सुरतेचा तो मऊ, वाफाळता ढोकळा, वाढून झाला, आणि काका म्हणाले, "एक आत्ताच बोलून घेऊ. आमच्या सुना मार्केटात नोकरीला जात नाहीत."

पल्लवी कापड मार्केटात एका साडीच्या दुकानाचे हिशेब बघते, तिचा जीव आहे त्या कामावर. भाऊजींची मान लाल झाली. ताईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. झालं, म्हटलं, आता हे लग्न मोडलं! पण भाऊजींनी काय करावं? दोन्ही हात मांडीखाली घातले. ओठ हलत होते.

"मग? चालेल ना?" काकांनी विचारलं.

"ती आठे बठेल शे," पल्लवीकडे मान वळवून भाऊजी सावकाश म्हणाले. "तिले इचारा."

पल्लवी बोलायला लागली. "मी काम नाही सोडणार. मला..." आणि ती मधेच अडखळली. एरवी तिचं पुढचं वाक्य भाऊजींनीच ओरडून पूर्ण केलं असतं. ते गप्प बसून तिच्याकडे बघत राहिले. मग ती काकांकडे वळली आणि म्हणाली, "मला ते काम येतं आणि आवडतं. ते मान्य असेल तरच हो म्हणा."

"काका, मी तिला आधीच हो म्हटलंय," मुलगा म्हणाला. त्याची आई हसायला लागली. "मग आपण कशाला मध्ये पडायचं? खा आता, लोचो थंड होतोय." काकांनीही मग मुकाट्यानं खाल्लं, दुसऱ्यांदा मागूनही घेतलं.

पाहुणे गेल्यावर भाऊजींनी मला तळवे दाखवले. खुर्चीच्या विणीचे लाल वळ उठले होते. "राग उना व्हता," ते म्हणाले. "देख." माझ्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं.

संध्याकाळी सगळे अडाजणला पोंक खायला गेलो. म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, पण अगदी कोवळा, हिरवागार, सोबत लिंबू-मिरीची शेव. हिवाळ्यात सुरतेला जाऊन तो न खाता आलात तर माझ्याशी बोलू नका. भाऊजी भर गर्दीत भजन गात होते, तेही बेसूर, आणि पल्लवी त्यांच्या हाताला धरून चालली होती.

घरी आल्यापासून मीही सकाळी थोडी बसते. मन कधी भाजीत, कधी शेजारणीच्या पार्किंगमध्ये. पकडून आणते, पुन्हा पळतं. पण दिवस बरा जातो, हे कबूल करायलाच हवं.

काल पल्लवीचा फोन आला. "मावशी, गंमत सांगू? इतकी वर्षं मला लग्न म्हणजे या घरातून सुटका वाटायची. आता तारीख धरायला बसलेत, तर माझा पायच निघत नाहीये. थोडी पुढची धरायला सांग ना पप्पांना."

"तूच सांग की," मी म्हटलं. "आता ऐकतात ते."