बाईंच्या आवाजाची मालकी

बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून अनाउन्सरबाईंनी उभी हयात गाड्या लावल्या आणि सोडल्या. त्यांचा चेहरा फारसा कुणी पाहिलेला नव्हता. पण बाजारात त्यांनी कांद्याचा भाव विचारला, की आजूबाजूची माणसं आपलीच गाडी सुटल्यासारखी दचकून वळायची. नवरा थट्टेनं म्हणायचा, आमच्याकडे जेवायची हाकसुद्धा फलाट क्रमांकासकट येते.

निवृत्तीला थोडा अवकाश असताना त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की जीव वाचेल, आवाज जाईल. मग मुलीनं धावपळ करून एक कंपनी शोधली. ऑपरेशनच्या आधी बाईंनी त्या कंपनीसाठी ढीगभर वाक्यं रेकॉर्ड केली. हसून, रागावून, कुजबुजूनसुद्धा. त्यातून कंपनीनं त्यांचा आवाज घडवला. फोनवर टाइप केलं, की फोन हुबेहूब बाईंसारखा बोले. गळ्याला भोक, त्यावर जाळीचा रुमाल, आणि हातात स्वतःचा आवाज. दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "अहो, जेवलात का?" तो भला माणूस खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

काही काळ बरा गेला. मग एका सकाळी फोनवर नव्या अटी आल्या. खाली एकच बटण, 'मान्य आहे'. 'मान्य नाही' म्हणायची सोयच नव्हती. मजकूर पुरता वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही बाईंची नोकरीतली सवय. त्यांनी वाचलं. त्यांचा आवाज आता कंपनी 'इतर सेवांसाठी' वापरू शकणार होती. बाईंनी बटण दाबलं नाही, आणि फोन मुका झाला. दुपारी बाई दारापर्यंत पोचायच्या आत गॅसवाला थापा मारून परत गेला. आत आहे, थांबा, एवढंसुद्धा त्यांना सांगता आलं नाही. संध्याकाळी नातीचा फोन आला. ती 'आजी, आजी' करत राहिली आणि बाई तिला नुसता श्वास ऐकवत बसल्या.

"दाबून टाक ना, आई," मुलगी म्हणाली. "सगळेच दाबतात."

बाईंनी दाबलं.

पुढे शेजारीण अचानक बोलेनाशी झाली. खोदून विचारल्यावर कळलं, तिला वीज कार्यालयाकडून फोन आला होता, तुमची वीज आज तोडण्यात येईल म्हणून. आवाज बाईंचा. शेजारणीला वाटलं, बाईंनी तिथे नोकरी धरली आणि पहिला घाव तिच्यावरच घातला. मग दवाखान्याच्या लिफ्टमध्ये बाईंच्याच आवाजानं बाईंना सांगितलं, दारापासून दूर उभे राहा. बाई खरंच एक पाऊल मागे सरल्या.

कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं, की आपण संमती दिली आहे. शेवटी मुलीनं त्यांना एका वकीलबाईंकडे नेलं. लोकांच्या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या एका संस्थेत त्या काम करत. त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "संमती मागे घेता येईल, ताई. पण त्याच क्षणी ते तुमच्या फोनमधला हा आवाज बंद करतील. घसा तुमचा, पण फाइल आमची, असं त्यांचं म्हणणं आहे. रेकॉर्डिंग परत मिळावं म्हणून भांडू, पण कधी मिळेल, सांगता येत नाही." तोवर वापरायला एक फुकट प्रोग्राम होता. कुणाच्या मर्जीवर न चालणारा, पण आवाज परका, पत्र्यासारखा.

नवरा त्याला तयार होईना. बाहेर कुठे का वाजेना, घरात तर तू आहेस, असं तो म्हणत राहिला.

बाईंनी टाइप केलं, "घरात मी बोलते ते त्यांनी बोलू दिलं म्हणून. उद्या नाही दिलं तर?"

"उद्याचं उद्या. आज तर ऐकू येतेस."

मीठ मागतानासुद्धा आपण कुणाची तरी परवानगी काढतोय असं बाईंना वाटू लागलं होतं, आणि ते त्याला समजावायलाही तोच आवाज लागत होता. त्या आवाजातली काही वाक्यं दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवावीत, असं मुलीनं सुचवलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. ठरावीक वाक्यांत संसार होत नाही. त्यांनी संमती मागे घेतली. आवाज गेला.

वकीलबाईंनी तक्रार ग्राहक आयोगापुढे नेली. सुनावणीत बाई त्या पत्र्याच्या आवाजात बोलल्या. आयोगाच्या सदस्यांना पहिल्यांदा नीट कळलं नाही, तर बाईंनी तेच पुन्हा वाजवलं, "माझा आवाज मला विचारून वापरा." निकाल बाईंच्या बाजूनं लागला, पण अर्धाच. ती संमती जबरदस्तीची ठरली, कंपनीला तो आवाज नव्यानं विकायला बंदी झाली. ज्यांनी आधीच विकत घेतला होता, त्यांचे करार मात्र मुदत संपेपर्यंत चालू राहणार होते. रेकॉर्डिंगचा निर्णय पुढे ढकलला गेला, तो अजून ढकललेलाच आहे. गावभर बाई बोलतात; घरात पत्रा वाजतो. नात आता त्या पत्र्यालाच आजी म्हणते.

एका दुपारी बाई दळण घेऊन आल्या, तर नवरा कानाला फोन लावून पलंगावर बसलेला. वीज कार्यालयाचा नंबर होता. त्याला तक्रार कसलीच नव्हती. बाईंना पाहून तो ओशाळला, फोन ठेवायला लागला. बाईंनी पिठाचा डबा खाली ठेवला, त्याचा हात धरला आणि शेजारी बसल्या. पलीकडून त्यांचाच आवाज, पूर्वीसारखा गोड, म्हणत होता, आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा. दोघंही ऐकत राहिले.