डाव्या पायाचा ब्रेक

जुनी मोटरसायकल रस्त्यावर दिसली की लोक तिची टाकी बघतात, दिव्याभोवतीची चकचकीत कड बघतात आणि खिशातून मोबाइल काढतात. मी चालवणाऱ्याचे पाय बघते.

मागच्या महिन्यात परळला पुलाखालच्या सिग्नलपाशी असाच एक जण थांबला होता. साठी उलटलेला, मागे रबराच्या पट्ट्यांनी बांधलेला प्लास्टिकचा क्रेट, त्यातून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. मासळी घेऊन शीव कोळीवाड्याकडे निघाला असावा. गाडी पन्नाशीची तरी होती. रविवारी सकाळी क्लबवाले जॅकेटं घालून मिरवतात तसली नव्हे. टाकीचा रंग उडालेला, सीट दोनदा शिवलेली, रोज कामाला जुंपलेली. रविवारच्या गाड्यांचं मला काही वाटत नाही. ही अशी दिसली की मात्र मला राहवत नाही. मी सरळ त्याच्यापाशी गेले.

"ब्रेक कुठल्या पायाला?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "डाव्या. का?"

"नवी गाडी घेऊ नका. पोरांनी हौसेनं आणून दिली तरी घेऊ नका."

सिग्नल सुटला. तो हसला, "बरं बाय," म्हणाला आणि उजव्या पायानं गिअर टाकून निघून गेला. त्याला मी वेडी वाटले असणार. वाटू दे.

माझे बाबा मालवणकडचे. गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर काळाचौकीपासून गिरगावपर्यंत जिथं यंत्र अडेल तिथं जायचे. पिठाची चक्की, छापखान्यातलं मशीन, लिफ्टची मोटार, काहीही. मोटरसायकल त्यांनी गिरणी चालू असतानाच एका साहेबाकडून जुनी घेतली होती, म्हणजे ती आमच्या घरी आली तेव्हाच जुनी होती. चाळीच्या जिन्याखाली उभी असायची. तिचा आवाज नाक्यावरून ऐकू यायचा आणि त्या अंदाजानं आई आमटीला फोडणी टाकायची. पुढे आई गेली. मी लग्न केलं नाही, एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागले. घरात आम्ही दोघंच राहिलो, आणि जिन्याखाली ती गाडी.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या काळच्या तसल्या गाड्यांचा गिअर उजव्या पायाला असे आणि ब्रेक डाव्या पायाला. आजच्या सगळ्या गाड्यांना बरोबर उलटं असतं. हाताचा पुढचा ब्रेक त्या गाडीला असून नसल्यासारखा होता, त्यामुळे बाबा तो कधी वापरत नसत. चाळीस वर्षं रस्त्यात काही आडवं आलं की त्यांचा डावा पाय खाली जायचा. त्याला डोक्याची परवानगी लागत नव्हती.

सत्तरीला आले तसा त्यांचा उजवा गुडघा सुजायला लागला. ती गाडी सुरू करणं म्हणजे एक सोहळा होता. आधी पेट्रोलचा कॉक, मग एका हातानं छोटी कळ दाबून किक हलकेच खाली, विजेच्या मीटरचा काटा मध्यावर आला की कळ सोडायची, आणि मग सगळं अंग त्या एका लाथेत घालायचं. चुकलं की किक उलटी यायची. एकदा ती नडगीवर अशी बसली की पंधरा दिवस ते भिंत धरून चालत होते. डॉक्टरांनी सांगितलं, किक बंद. बाबांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून चाळीतल्या कुणाला तरी हाक मारून गाडी ढकलून सुरू करायला लागले. मला फार लाज वाटायची. लोक आनंदानं ढकलायचे, लाज मलाच वाटायची.

मी हट्टाला पेटले. पाडव्याला नवी गाडी घ्यायची, बटण दाबलं की सुरू होणारी. जुनी काढून टाकायची, कारण जिन्याखाली दोन गाड्या मावत नाहीत.

"कशाक इकतस गो?" बाबा म्हणाले. "ती काय खावक मागता?"

"बाबा, पुरे झालं आता. रोज सकाळी तमाशा असतो खाली."

तमाशा हा शब्द मी वापरला. बाबांशी मी नेहमीच असं फटकन बोलायची आणि ते नेहमीच गप्प बसायचे. आमच्या घरात प्रेमाचीही हीच रीत होती. जुनी गाडी ठाण्याच्या एका हौशी माणसानं टेम्पोत घालून नेली. बाबा गॅलरीत उभे राहिले, खाली आले नाहीत.

पाडव्याला नव्या गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. बाबांनी बटण दाबलं आणि ती लगेच सुरू झाली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कौतुकही होतं. मला धन्य वाटलं. माझ्या पगारातून आणलेली गाडी होती ती.

मग त्यांनी सराव सुरू केला. रोज सकाळी गिरणीच्या मागच्या भिंतीलगत हळूहळू चालवायचे आणि तोंडानं पुटपुटायचे, "उजवो ब्रेक, डावो गिअर. उजवो ब्रेक, डावो गिअर." पूजेला बसलेल्या भटजीसारखे ओठ हलायचे. मी हसायची. कॉलेजातली पोरं दोन दिवसांत शिकतात, म्हणायची.

एके दिवशी संध्याकाळी घरी आले तर त्यांच्या उजव्या बुटाच्या टोकावर लाल ऑइलपेंटचा जाड पट्टा.

"हे काय केलंत?"

गिरणीतली पद्धत आहे, त्यांनी समजावलं. मशीनचा एखादा दांडा इकडचा तिकडे बसवला की फिटर तो लाल रंगवायचे. जुन्या कामगाराचा हात जुन्या जागी जातो, म्हणून. महिना-दोन महिने लाल ठेवायचा. रंग आपोआप झिजतो आणि तोवर हाताला नवी जागा कळते. त्यांनी एकदा तो रंग लवकर पुसलेला पाहिला होता आणि त्याच आठवड्यात एकाची दोन बोटं गेलेली पाहिली होती. हेही त्यांनी सांगितलं. मी ऐकलं, आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं की हे असले बूट घालून हा माणूस माझ्याबरोबर दादरला लग्नाला येणार. रविवारी मी नवे बूट आणले आणि जुने भंगारवाल्याला देऊन टाकले. बाबा म्हणाले, "बरे आसत."

चार महिने काही झालं नाही. त्यांचं पुटपुटणंही थांबलं. मला वाटलं, झाली सवय.

गणपतीच्या मंडपांचे बांबू रस्त्यावर यायला लागले होते. सकाळी अकराच्या सुमाराला लालबागजवळ, बांबूंच्या ढिगामागून एक बाई पिशवी घेऊन अचानक पुढे आली. बाबांनी तिला वाचवलं. गाडी वळवली. पण गाडी थांबली नाही, आणि पुढे उभ्या असलेल्या टेम्पोवर जाऊन आदळली. बाईला खरचटलंसुद्धा नाही. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं.

मी लॅबमधून तशीच धावत इस्पितळात गेले. ते शुद्धीवर होते. मला बघून म्हणाले, "मी ब्रेक मारलंय गो. जोरात मारलंय. गाडी थांबाक नाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवी कोरी गाडी आणि ब्रेक लागत नाही? चाळीतले लोक भेटायला येऊन दबक्या आवाजात बोलत होते, या वयात गाडी चालवायचीच कशाला, झेपत नाही, लक्ष राहत नाही. मी त्यांच्याशी भांडले. बाबांची चूक नाही, गाडीची आहे, आणि मी ते सिद्ध करून दाखवणार, असं चारचौघांत सांगून बसले. गाडी उचलून परळच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथला मेकॅनिक वयस्कर होता, बाबांना नावानं ओळखणारा.

त्यानं तासभर गाडी तपासली. मग मला हाक मारली.

"ताई, ब्रेक एकदम ओके आहे. हे बघा, दाबून बघा."

"मग लागला का नाही?"

तो डाव्या बाजूला उकिडवा बसला. गाडी उजव्या अंगावर पडली होती, तिकडचं सगळं चेपलेलं होतं. डावी बाजू कोरी होती, एक ओरखडासुद्धा नव्हता. फक्त गिअरचा दांडा खाली वाकलेला होता.

"हा पडून नाय वाकला. हा पायानं वाकलाय. काय ताकद लावली असेल माणसानं!" तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "बाबांनी ब्रेक मारला, ताई. बरोबरच मारला. त्यांच्या जुन्या गाडीवर असते ना, तर जागच्या जागी उभी राहिली असती."

मी तिथल्या स्टुलावर बसले. लाल पट्ट्याचं त्याला काही माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलं नाही. त्याला एवढंच म्हणाले, की हे बाबांच्या कानावर घालू नका, त्यांना त्रास होईल. तो चांगला माणूस, त्यानं मान हलवली. त्याला वाटलं मी बापाची काळजी करतेय.

बाबा महिन्याभरानं घरी आले, पण अंथरुणावरच. आणि तिथं पडल्या पडल्या त्यांनी एक काम हाती घेतलं. आपलं डोकं गेलं आहे का ते तपासायचं. ब्रेक मारला हे त्यांना लख्ख आठवत होतं आणि गाडी थांबली नाही हेही खरं होतं. गाडीचा ब्रेक ठीक निघाला, एवढं मी त्यांना सांगितलं होतं. फिटर माणूस, यंत्र खोटं बोलत नाही हे त्यांना ठाऊक. तेव्हा खोटं बोलतं आहे ते आपलं डोकं, असा त्यांनी हिशेब मांडला. मग ते स्वतःची परीक्षा घ्यायला लागले. गिरणीतल्या खात्यांची नावं ओळीनं म्हणायचे. मालवणच्या एसटीचे थांबे म्हणायचे. एखादा थांबा चुकला की डोळे मिटून घ्यायचे. एक थांबा तर मलाही आठवत नव्हता, पण तसं सांगून त्यांचं समाधान होईना. बँकेच्या कागदावर सही करायला नकार दिला. "माझ्या सहीवर आता भरवसो ठेवू नको." हत्यारांची पेटी त्यांनी मेकॅनिकला देऊन टाकली. त्यातला एकेक पाना कपड्यात गुंडाळलेला होता.

एक वाक्य पुरलं असतं. बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे, पाय चुकला, आणि तो चुकू नये म्हणून तुम्ही जे केलं होतं ते मी भंगारात टाकलं. रोज सकाळी त्यांना पुसून घेताना मी ते वाक्य मनात जुळवायची. रोज वाटायचं, आज सांगू. आणि रोज मला त्यांचा तो चेहरा दिसायचा, ऐकून घेऊन "बरे आसत" म्हणणारा. ते मला एका शब्दानंही बोलले नसते, हे मला पक्कं माहीत होतं. तेच मला नको होतं. खरं सांगते, माझी भीती बाबांसाठी नव्हती, माझ्यासाठी होती.

एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. दोन-तीन चमचे झाल्यावर त्यांनी हातानं थांबवलं.

"तुझी गाडी बरी होती गो," ते म्हणाले. "गाडयेचो काय दोष नाय. तू मनाक लावून घेव नको. माझा डोक्याच गेला. खरा सांग, तुकाय तसाच वाटता मा?"

ते माझ्याकडे टक लावून बघत होते. त्यांनी मला विचारलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझं मत असं थेट विचारलं होतं. वाक्य माझ्या जिभेवर होतं.

"वय झालं की होतं असं, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि उरलेली पेज मुकाट्यानं खाल्ली. त्यानंतर ते पाच महिने जगले. पंखा लावू का, चहा करू का, कूस बदलायची का, काहीही विचारलं तरी एकच उत्तर द्यायचे, "तूच सांग बाये. माका काय कळता?"