शिफ्टमधलं रसायनशास्त्र

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. प्रॅक्टिकल संपल्यावर सिंकमध्ये भांडी साचतात, तसे आमच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये ते आपोआप साचत जातात. मग चहाला बसलं की एकेक बाहेर निघतो. मी मूळची रत्नागिरीची, सिल्वाशाच्या या कॉलेजात हेड होऊन बरीच वर्षं झाली. सध्या मला इतका आनंद झालाय की कोणीही भेटलं तरी मी सांगत सुटते, तेव्हा तुम्हीही ऐकाच!

आधी मुद्द्याचं सांगते. आमच्याकडे सोय बी.एस्सी.पर्यंतच. एम.एस्सी.ला बाहेरगावी जावं लागतं, आणि बऱ्याच मुलींना घरचे पाठवत नाहीत. तिसऱ्या वर्षाची मनीषा जवळच्याच गलोंडा गावची, वर्गात कायम पहिली. तिच्या वडिलांनी मला तोंडावर सांगितलं होतं, इथे कोर्स आला तर शिकवतो, नाहीतर यंदा हिचं लग्न. त्यामुळे कोर्स आणायचाच, असा मी हट्ट धरला होता. विद्यापीठ म्हणत होतं, चार शिक्षक दाखवा. आम्ही तीन! मी, शिरपूरचे सोनवणे सर आणि वलसाडहून येणाऱ्या कृपाबेन.

*

चौथा माणूस मिळत नव्हता असं नाही. मिळायचा, पण टिकायचा नाही. आम्ही जाहिरात द्यायची, मुलाखती घ्यायच्या, माणूस निवडायचा आणि त्याला जवळच्या सायली गावातल्या एखाद्या कंपनीने लॅब केमिस्ट म्हणून उचलायचं. एक जण तर रुजू झाल्याच्या आठवड्यातच राजीनामा घेऊन आला. स्वागताचा गुच्छ अजून टेबलावर ताजा होता. सोनवणे सरांनी तोच उचलून त्याच्या हातात दिला.

"घ्या भो, निरोपाला परत खर्च नको."

तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडलीये. नव्या माणसाचं स्वागत महिना उलटल्याशिवाय करायचं नाही.

*

आमची निम्मी मुलं कंपनीत कामाला जातात. कोणाची फर्स्ट शिफ्ट, कोणाची नाइट. म्हणून प्रॅक्टिकलच्या बॅचेसही आम्ही शिफ्टप्रमाणे लावतो. एकदा सकाळची बॅच संपली आणि दुपारची आत आली. मी बघते तर एक मुलगा अर्धवट भरलेल्या ब्युरेटपुढे उभा राहून थेंब थेंब सोडतोय. म्हटलं, तू तर आत्ता आलास, हे कधी सुरू केलंस?

तर म्हणे, सकाळच्या जितूने सुरू केलं, त्याच्या ड्यूटीची वेळ झाली, म्हणून तो ह्याला चार्ज देऊन गेला! कंपनीत चालू मशीन सोडून जात नाहीत, पुढच्या माणसाच्या ताब्यात देतात. मग टायट्रेशन तरी कसं सोडणार? मी चिडायचा खूप प्रयत्न केला, पण हसू आवरेना.

"आणि रीडिंग कोणाच्या नावावर लिहायचं?" मी विचारलं.

"मॅडम, प्रॉडक्शन दोघांचं."

*

तोंडी परीक्षेचीही तीच गंमत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकाला विचारलं, सल्फ्युरिक ॲसिड कसं तयार करतात? मुलगा त्यांच्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. परीक्षकांनी प्रश्न सोपा करून पुन्हा विचारला.

"तयार कशाला करायचं सर?" तो म्हणाला. "टँकर येतो ना."

*

वासाचा किस्सा तर प्रिन्सिपॉल सरांसमोर अजून काढता येत नाही. एका दुपारी सगळ्या इमारतीत सडक्या अंड्यांचा वास पसरला. कॉमर्सवाल्यांनी वर्ग सोडून दिले. प्रिन्सिपॉल सरांनी तावातावाने जवळच्या कारखान्याला फोन लावला आणि हवा खराब करता म्हणून फैलावर घेतलं. बिचाऱ्या लोकांनी त्यांचा सेफ्टी ऑफिसर लगेच धाडला. तो मास्क लावून आला, गेटपाशी मास्क खाली करून त्याने एकदा वास घेतला आणि कोणाला काही न विचारता तडक माझ्या लॅबमध्ये शिरला. आमचाच जुना विद्यार्थी!

"मॅडम, गॅसच्या उपकरणाची तोटी आजही गळते का हो?"

*

आता शेवटचा. चौथा माणूस म्हणून आम्हाला दीपक मिळाला होता. फिजिकल केमिस्ट्री असं शिकवायचा की मुलं तास बुडवायला विसरली. पण घर चालेना, म्हणून तोही गेला कंपनीत. फरक एवढाच की नाइट शिफ्ट सुटली की तो घरी न जाता थेट कॉलेजात यायचा आणि तिसऱ्या वर्षाचा अर्धवट राहिलेला भाग शिकवायचा. मी कागदोपत्री जागा रिकामीच दाखवली होती. खोटं लिहिणं माझ्याने होत नाही, आणि त्यामुळे कोर्स हातचा जाणार, हे मला कळत होतं.

विद्यापीठाची समिती यायच्या दिवशी मी घरून सोलकढी करून नेली. धास्तीने मला दुसरं काही सुचत नव्हतं. बाकीचे सदस्य यायचे होते, पण अध्यक्ष एकटेच लवकर पोहोचले आणि कोणाला न सांगता तिसऱ्या वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी धावत दारापाशी पोहोचले तोवर दीपकचा तास सुरू झालेला, कंपनीचा गणवेश तसाच अंगावर. आमच्याकडे पन्नाशीचे ऑपरेटरही अधूनमधून एम.एस्सी.ची चौकशी करायला येतात. दीपकला वाटलं, हे त्यातलेच.

"काका, नाइट करून आलात का? मीपण," तो म्हणाला. "पुढे बसा, मागे झोप लागते."

मी आत जाणार, एवढ्यात सोनवणे सरांनी माझा हात धरला. अध्यक्ष खरंच उठले आणि पहिल्या बाकावर मनीषाशेजारी जाऊन बसले. तिने त्यांना वहीचं एक पान फाडून दिलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, कोर्स आला तर शिकवणार कोण?

"मीच की. कंपनीत सांगून ठेवलंय, कोर्स आला की नोकरी सोडणार," दीपक म्हणाला. "पण आज समिती येतेय आणि तिचा अध्यक्ष फार कडक आहे म्हणे."

"आहे कडक," अध्यक्ष म्हणाले. "पण त्याने हो म्हटलंय. तुम्ही पुढचं शिकवा, सर."

दीपक हसला. "काका, तुमच्या तोंडात साखर पडो," म्हणाला, आणि फळ्याकडे वळून पुढचं समीकरण लिहायला लागला.