चांगुणाची विहीर

नगरच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात चांगुणा आणि तिचा नवरा भिमाजी हे जमीनदार आप्पासाहेबांचं वावर निम्म्या वाट्यानं करायचे. सगळा व्यवहार तोंडी. एकाच तुकड्यावर कूळ टिकलं की हक्क सांगेल, या धास्तीनं आप्पासाहेब कुळांना सारखे हलवायचे. शेवटचा तुकडा मिळाला तो खडकाळ, मधोमध बुजलेली विहीर. भिमाजीनं चुलतभाऊ गहिनीनाथला हाताशी घेऊन ती उपसली. पाणी लागलं. त्याच पावसाळ्यात भिमाजी तापानं गेला.

चांगुणानं एकटीनं ज्वारी पेरली. विहिरीवर इंजिन बसवावं म्हणून ती सोसायटीत गेली, तर तिथं म्हणाले, ‘‘उताऱ्यावर नाव लावून आणा, मग कर्जाचं बघू.’’

पीकपाहणीला तलाठी आला तेव्हा ती बांधावर उभीच होती.

‘‘गडी लावून मीच करतो,’’ आप्पासाहेब तलाठ्याला म्हणाले.

‘‘न्हाई भाऊसाहेब, मी कसते. भावजींना इचारा.’’

गहिनीनाथही आप्पासाहेबांचंच रान करायचा. घरात पाच खाणारी तोंडं. तो म्हणाला, ‘‘वैनी मजुरीनं येत्यात.’’

‘‘माज्याकडं बघून सांगा, भावजी.’’

त्यानं मान वर केली नाही. तलाठ्यानं कसणारा म्हणून आप्पासाहेबांचं नाव लिहिलं. ज्वारी हुरड्यात असतानाच चांगुणाला वावराबाहेर काढलं, आणि तो तुकडा गहिनीनाथला दिला.

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. चांगुणा दुष्काळी कामावर खडी फोडू लागली. एकदा गहिनीनाथची बायको रंगुबाई त्या विहिरीच्या पाण्याची कळशी घेऊन आली. बायका चांगुणाकडं बघत राहिल्या. ती प्यायली. घसा सुकला होता, आणि पाणी तिच्याच माणसानं काढलेलं होतं.

उन्हाळ्यात आप्पासाहेबांनी स्वतःच्या नावावर कर्ज काढून इंजिन बसवलं आणि गहिनीनाथलाही घालवलं. हातोडा घेऊन तो खडीवर आला, चांगुणाशेजारी बसला.

‘‘वैनी, मी मामलेदारापुढं खरं सांगतो.’’

‘‘तवा सांगायचं हुतं.’’

तरी ती अर्ज घेऊन त्याच्याबरोबर तालुक्याला गेली. मामलेदारानं दोघांचं नीट ऐकून घेतलं. मग गहिनीनाथला विचारलं, ‘‘तुम्हालाही त्याच वावरातून काढलंय ना? मग तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?’’

चांगुणाचा अर्ज फेटाळला गेला.

परतताना तो मागून म्हणाला, ‘‘मला पोरं हुती, वैनी.’’

‘‘मला काय हुतं?’’ एवढंच ती बोलली.

पुढच्या हंगामात ती टोळीबरोबर उसाला गेली. तोडणीचा कोयता नवरा-बायकोच्या जोडीला मिळायचा; एकट्या बाईला कोण देणार? मोळ्या वाहायची. दुसऱ्या वर्षी टोळी गावी परतली, चांगुणा परतली नाही. पुणतांब्याकडं कुणाच्या तरी मळ्यात राहते, असं कुणी म्हणालं. रंगुबाईनं नवऱ्याला चौकशीला जायला सांगितलं. गहिनीनाथ काही गेला नाही.