सभासद रजिस्टरवरच्या माशा

मी असल्या गोष्टी कधीच मानल्या नाहीत. आम्ही बौद्ध. भूत, करणी, अंगात येणं हे सगळं आजोबांनी धर्मांतर केलं तेव्हाच घराबाहेर टाकलं. त्यातून मी बी.एस्सी.ला, घरातला शिकणारा पहिलाच. म्हणून हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस चाललं होतं... पण जे पाहिलं ते पाहिलं.

आमचं गाव नळदुर्गपासून चार कोसांवर. गेल्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, चारा संपला. सोसायटीनं कडब्याचे ट्रक मागवले, पण कडबा फक्त सभासदांना. आमच्या वस्तीतली माणसं गेली तर सेक्रेटरी म्हणाला, "तुमची नावंच न्हाईत."

रजिस्टर उघडलं. एकोणीस ओळी कोऱ्या. ब्लेडनं खरवडलेल्या, कागद पार पातळ झालेला. वस्तीतली घरंही एकोणीसच.

"झुरळांनी खाल्लं," सेक्रेटरी म्हणाला. तंबाखूच्या थुंकीचं बोट लावून पान उलटलं आणि हसला. त्या थुंकीनं पानांचे कोपरे पिवळे पडलेले.

तक्रार केल्यावर तालुक्याचे साहेब आले. ते म्हणाले, "जिल्ह्याला नक्कल आहे, पण यायला आठ दिवस लागतील. तोवर कोण कुठल्या नंबरला होतं ते सांगा, तात्पुरती नावं घेतो. मात्र नंतर एक जरी नंबर चुकला, तर सगळेच खोटे धरीन."

ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होता. आमची गाय दोन दिवस उठली नव्हती. आणि नंबर कुणाला आठवणार? सगळे अंगठेवाले.

लिहिता येणारा मीच, म्हणून पेन्सिल घेऊन टेबलाशी बसलो. भर दुपार. तेव्हा माशा आल्या.

आधी दोन-चार. मग इतक्या, की साहेबांनी नाकाला रुमाल लावला. भरलेल्या ओळींवर एकही नाही. फक्त खरवडलेल्या ओळींवर, एका रेषेत, एकमेकींना चिकटून... काळ्या अक्षरांसारख्या. हातानं हाकलल्या तर बोटांना चिकट लागलं, आणि त्या परत तिथंच बसल्या.

"शेवंताबाई गेनू," मी सहज म्हणालो. पुढं शेवंताआजी उभ्या होत्या म्हणून.

"हजर हाय की रं! दिसंना व्हय तुला?"

आणि एका ओळीवरच्या माशा उडाल्या. तेवढ्याच. बाकीच्या हलल्या नाहीत.

मी आजींकडं पाहिलं, आजींनी माझ्याकडं. मग त्या ओळीत नाव लिहिलं. दुसरं नाव घेतलं. ज्याचं होतं तो "हजर" म्हणाला. दुसऱ्या ओळीवरच्या उडाल्या. साहेब खिडकीकडं तोंड करून उभे होते. त्यांनी पाहिलं की नाही, मला आजही माहीत नाही.

अठरा नावं झाली. राहिलं माझ्या वडिलांचं. दादा दोन महिने सोलापूरकडं पाझर तलावाच्या कामावर होते. त्यांची चिठ्ठी नव्हती की निरोप नव्हता. मी त्यांचं नाव घेतलं. आई म्हणाली, "हायेत. मी हाय न्हवं त्यांच्या वतीनं?"

माशा उडाल्या नाहीत.

पुन्हा नाव घेतलं. तरी नाही. वस्तीतली माणसं एकेक पाऊल मागं सरली. सेक्रेटरी पिंक टाकून म्हणाला, "ह्यो खरंच मयत दिसतूय."

"एकच ओळ उरलीय, लिही की," साहेब म्हणाले. खरंच, एकच उरली होती. पण एक माशी पेन्सिलवर चढून माझ्या बोटाकडं येत होती, आणि माझा हात पुढं जाईना. मी मनात दादांना मेलेलं धरलं होतं. त्या माशांपेक्षा मला माझीच किळस आली.

आई म्हणाली, "माशी सांगणार व्हय मला?" आणि पदर खोचून सोलापूरच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. शेवंताआजींनी आपल्यातला अर्धा कडबा आमच्या गाईपुढं टाकला. तिसऱ्या दिवशी आई आली, मागून दादा. वाळलेले, पण जिवंत. रजिस्टर उघडलं तर त्या एका ओळीवर माशा पुन्हा येऊन बसल्या. मी दादांचं नाव घेतलं. दादा दुसऱ्याच कुणाला बोलावल्यासारखे मागं बघायला लागले.

आईनं कोपर मारलं. "अवो, तुमालाच बोलावतंय पोरगं."

"मला व्हय?" दादा दचकले. "तिथं हजेरीपटावर जागा नव्हती. मुकादमानं एका पळून गेलेल्याच्या नावावर घेतलं. दोन महिने त्याच्याच नावाला 'हजर' म्हणतोय बघ... सवयच लागली." मग खाली बघत, लाजल्यासारखे, स्वतःच्या नावाला म्हणाले, "हजर."

माशा उडाल्या. मी नाव लिहिलं.

आठ दिवसांनी नक्कल आली. एकोणीसच्या एकोणीस नंबर जुळले. सेक्रेटरी अजून सेक्रेटरीच आहे. "झुरळं लई झाल्यात," असं अजून हसून सांगतो.

प्राणिशास्त्राच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, खरवडलेल्या कागदावर खळ-गूळ काहीतरी लागलं असेल. असेल. पण ज्याचं त्यानं 'हजर' म्हटल्यावर त्याच ओळीवरच्या का उडाल्या?

कॉलेजात मुलं एकमेकांची हजेरी लावतात. परवा गावी निघालो तेव्हा रूममेट म्हणाला, "जा बिनधास्त, तुझ्या नावाला मी 'येस सर' म्हणतो."

मी त्याला म्हणालो, नको. गैरहजेरी लागू दे.