तीन रंगांच्या तीन सुया

प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये घरी शाई भरायची म्हणजे हात रंगणारच, असं सगळे सांगतात. माझे फारसे रंगले नाहीत, आणि मला त्याचा भारी तोरा होता. निरवांगीकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी पहिली-दुसरी शिकवते, राहते निमगाव केतकीत. शाळेला रंगीत प्रिंटर नाही. मुलांना आंबा पिवळा आणि वांगं जांभळं दिसलं पाहिजे. झेरॉक्समध्ये दोन्ही काळीच. म्हणून मी घरचा प्रिंटर कामाला लावला. त्याचं कार्ट्रिज बघता बघता संपायचं, मग मोबाईलवर व्हिडिओ बघून शाई भरायला शिकले.

शाईच्या बाटल्यांबरोबर जी सुई आली ती चांगलीच जाड होती, गुरांच्या डॉक्टरकडे असते तशी. तिनं शाई भसकन आत जायची, निळा रंग पिवळ्यात मिसळायचा आणि आंबे हिरवे छापून यायचे. पहिले दोन रविवार मी नुसती चरफडत फरशी पुसली. तिसऱ्या रविवारी फ्रिजवरच्या डब्यात आईच्या इन्सुलिनच्या सुया दिसल्या. बारीक, नळीवर आकडे छापलेले, शाई थेंब थेंब सोडता येईल अशा. कार्ट्रिजवरचं स्टिकर सोललं की तीन भोकं दिसतात. एका रंगाला एक सुई घेतली आणि अर्ध्या तासात काम फत्ते.

आई तेव्हा वर्षभरापासून आमच्याकडे होती. वडील गेल्यावर लासुर्ण्याच्या घरात ती एकटीच उरली. मी एकुलती एक, म्हणून आग्रह करकरून आणली. पण लेकीच्या घरी राहणं तिला कधी सवयीचं झालं नाही. जावयासमोर दुसऱ्यांदा भाजी घ्यायची नाही, आपण होऊन पंखा लावायची नाही, आणि मागायची तर काहीच नाही. लेकीच्या घरात मागू नये, ही तिच्या पिढीतल्या बायकांची रीतच. मी तिला त्यावरून चिडवायचे. "काय पाव्हणं, चहा घेणार का?" म्हणायचे. ती हसायची आणि कप घ्यायला स्वतःच उठायची.

सुया घेण्याआधी मी तिला विचारलं नव्हतं असं नाही.

"आई, ह्यातल्या तीन घेऊ का गं? पोरांचे कागद छापायचेत."

"घे की. मला कशाला एवढ्या?"

मी तेवढ्यावर विषय संपवला. दिवसातून दोनदा टोचून घेणाऱ्या बाईला एवढ्या कशाला, हे गणित माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराला सुटलं असतं. त्यांच्या बाईंना सुटलं नाही. त्या रविवारनंतर मी विचारणंही सोडून दिलं, सरळ डब्यात हात घालायला लागले. औषधांबरोबर सुया मात्र पूर्वीइतक्याच आणत राहिले.

आणि सुईच्या बाबतीत मी भलती कडक होते. एकदा वापरली की टाकायची. आत शाई सुकते, पुढच्या वेळी धार नीट पडत नाही, कार्ट्रिज बिघडतं. आसपासच्या शाळांतल्या मॅडम शिकायला घरी यायला लागल्या तेव्हा त्यांनाही मी ऐटीत सांगायचे, "सगळीकडं काटकसर करा, सुईत नको." आई तिथंच भिंतीला टेकून शेंगा फोडत बसलेली असायची. डबा उघडला की नव्या सुया असायच्याच, त्यामुळे मला कधी शंका आली नाही.

पुढं आईची साखर वर-खाली व्हायला लागली. गोळ्या बदलल्या, भात बंद केला, तरी फरक पडेना. शेवटी तिला बारामतीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पोट तपासलं. इन्सुलिन टोचायच्या जागी दोन्ही बाजूंना गाठी होत्या, त्यातली एक लाल होऊन ठणकत होती. मी तिच्या शेजारी झोपत होते आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

"बोथट सुईनं अशा गाठी होतात, मग औषध नीट लागू पडत नाही. आजी, एक सुई किती दिवस वापरता?" डॉक्टरांनी विचारलं.

आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "चालती तवर. आठ-धा दिस."

"का?"

"सवय हाय माजी. वाया घालवायचं जिवावर येतं."

झालं, माझ्यातली मास्तरीण जागी झाली. डॉक्टरांसमोर, नर्ससमोर मी तिला फैलावर घेतलं. एवढ्याशा सुईत कसली काटकसर, लोक काय म्हणतील, माझं नाव घालवलंस. परत येताना एसटीतही माझी टकळी चालूच होती. ती खिडकीतून बाहेर बघत बसली.

घरी आल्यावर येताना आणलेल्या सुया ठेवायला डबा उघडला, तर आत आधीच्याच सहा नव्या सुया होत्या.

"मग ह्या का नाही वापरल्यास?"

"त्या तुज्या रंगाच्या हाईत," आई म्हणाली. "कमी पडल्या तर पोरं खोळंबत्याल."

"अगं, मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू जावयाला परत मेडिकलात पिटाळलं असतंस. लेकीच्या घरात असं बरं दिसतं का?"

तेव्हा कुठं मला उमगलं. पाकीट आणलं की ती स्वतःसाठी एक-दोन सुया काढायची आणि बाकीच्या माझ्या शाईसाठी ठेवायची. कार्ट्रिजला दर वेळी नवी सुई, आणि माझ्या आईला बोथट झालेली. मला माझी इतकी लाज वाटली की तिच्या पायाला हात लावायचंही धाडस झालं नाही. त्यानंतर मी कार्ट्रिज भरणं सोडलं. पण एक गाठ अजून तशीच आहे, आणि त्या बाजूला तिला इन्सुलिन घेता येत नाही.

दर तीन महिन्यांनी आम्ही बारामतीला जातो. डॉक्टर तिची थट्टा करतात, "काय आजी, सुई नवी ना? का अजून चिकटपणा चालूच?" आई तोंडाला पदर लावून हसते. मागच्या खेपेला घरून निघतानाच मी ठरवलं होतं की आज त्यांना खरं काय ते सांगायचं. त्यांनी तिला तपासलं आणि मला म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून बरं. अशा म्हाताऱ्या माणसांवर नजर ठेवायला घरात कुणीतरी शिकलेलं लागतं."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात आई म्हणाली, "व्हय डाक्टर, लई बघती ती माजं."

मी टेबलावरची फाईल उचलली आणि डॉक्टरांना थँक्यू म्हणाले.