मागून येणारे चौघं

डोंगराखालच्या शेवटच्या घरी मी सांगितलं, "आम्ही पाच जण आहोत, चौघं मागून येतायत." मागून कुणीही येत नव्हतं.

तशी तयारीत मी कसूर ठेवली नव्हती. कराडच्या घरात आठ दिवस हॉलभर सामान पसरलं होतं. डोक्याला बांधायची टॉर्च, जादा सेल, शिट्टी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, क्रेप बँडेज, स्टोव्ह, दोरी. त्यात अडखळायला घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, त्यामुळे आवरायची घाईही नव्हती. भरलेली सॅक कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. अठरा किलो. दुकानदार म्हणाला, "काका, गाव सोडून चाललाय का?"

मोबाईलवर सापडलेल्या यादीतली शेवटची सूचना होती: कुठल्या वाटेनं जाणार, कधी परतणार, ते घरी लिहून ठेवा. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, कागद फ्रिजवर चिकटवला, घराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून निघालो. एसटीनं पाटण सोडल्यावर लक्षात आलं, की तो कागद वाचायला मलाच परत जावं लागणार.

चौघं पूर्वी होते. एकाच्या तासगावच्या बागेत आता द्राक्षाची छाटणी चालू होती, एकाचे गुडघे गेलेत, एक पुण्यात नातवाला शाळेत सोडतो. चौथ्याचा नंबर अजून फोनमध्ये आहे. लावत नाही.

शेवटचं घर एका धनगराचं, म्हशीवाल्याचं. माझ्याच वयाचा माणूस. तिथली रीत अशी, की वर जाणाऱ्याला पाणी द्यायचं आणि किती जण, कवा उतरणार, ते विचारून घ्यायचं. म्हशी परतेपर्यंत माणूस दिसला नाही, तर बघायला निघायचं. त्यानं तांब्या पुढं केला आणि विचारलं, "एकलंच?" त्यात टोमणा नव्हता. पण मला तो शब्द असा झोंबला, की तोंडातून चौघं बाहेर पडले.

दीड तास चढलो आणि उजव्या बुटाचा तळ सुटला. बूट एके काळी भारीतले, पण आठ वर्षं माळ्यावर पडून होते. त्यांचा गोंद वाळला असेल हे यादीत नव्हतं. पाय मुरगळला आणि मी कारवीच्या झुडपात जाऊन बसलो. फोनला रेंज नव्हती. बँडेज बांधलं आणि शिट्टी वाजवली, तीनदा, नियमाप्रमाणे. थांबून पुन्हा तीनदा. खाली म्हशींच्या गळ्यातल्या घंटा स्पष्ट ऐकू येत होत्या, म्हणजे शिट्टीही खाली जात असणार. कुणी येईना. दुपार कलली. स्टोव्हवर एक कप चहा केला, आणि सवयीनं साखर मात्र पाच जणांची घातली.

ऊन कड्यावरून उतरायला लागलं तेव्हा म्हशीवाला काठी टेकत वर आला.

"शिट्टी ऐकली व्हती मगाशी," तो म्हणाला. "पर म्हटलं, मी म्हशींमागं असताना चौघं वर गेलं असतील, हैत की संगं. म्हशी आल्या तरी त्यातलं कुणी खाली उतरलं न्हाई, तवा निघालो. कुठं हैत?"

पुढं गेले, असं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यानं काठी आधीच वरच्या वाटेला लावली होती, आणि उजेड अर्ध्या तासाचा उरला होता. तो कड्याच्या कडेनं त्या चौघांना हाका मारत फिरणार हे दिसल्यावर मी खाली बघून म्हणालो, "कुणी नाही. एकटाच आहे."

त्यानं वरच्या वाटेला लावलेली काठी खाली घेतली. मग माझी सॅक पाठीला लावली, मला खांद्याचा आधार दिला आणि उतरवून आणलं. वाटेत एकदाच म्हणाला, "लय जड हाय."

घरी त्याची बायको चुलीपुढं बसली होती. शेजारी भाकऱ्यांची चळत. दारात दोघंच बघून तिनं नवऱ्याला विचारलं, "बाकीचे?" त्यानं नुसती मान हलवली. तिला काय झालं ते कळलं. तिनं अख्खी टोपली माझ्यापुढं सरकवली.

"एकला हाय म्हणाला असता तर काय आमी पाणी दिलं नसतं व्हय? आता बसा खात चौघांच्या वाटचं."